प्रेमकिशोरचा कोट

जामबागेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी दूधवाल्याची एक भिंत आहे. दिवाळीच्या आधी तिच्यावर काळं पोस्टर लागलं. काळ्यावर काळीच माणसाची आकृती, डोक्यावरून ओढलेलं टोपडं, डोळ्यांवर गॉगल. खाली पिवळ्याजर्द अक्षरांत एकच शब्द : अंबाजी. त्याच्याखाली बारीक अक्षरांत 'दिवाळी पहाट' आणि महाराष्ट्राबाहेरच्या या शहरातल्या आमच्या मराठी मंडळाचं नाव.

मला शिसारी आली. तोंडात कोमट, नासलेलं काहीतरी आल्यासारखं झालं. हे पोस्टर बघून जो येणार असं लोकांना वाटत होतं तो येणारच नव्हता, हे मला ठाऊक होतं. येणार होता अंबरपेठेत राहणारा म्हातारा अंबाजी बिरादार. त्याचं हे बारशाचं नाव. गंमत अशी की साऱ्या आयुष्यात ते नाव पहिल्यांदाच एखाद्या पोस्टरवर आलं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या सावलीखाली.

अंबाजीला मी ओळखते ती ऑर्केस्ट्रा गुलबहारपासून. मी तिथं निवेदन करायची, मधूनमधून छोट्या नाटुकल्यांत कामं करायची. मालक लक्ष्मणराव. त्यांचं गौलीगुड्यात माईक आणि कर्णे भाड्यानं देण्याचं दुकान होतं, त्यातूनच त्यांनी ऑर्केस्ट्रा उभा केला. मोठ्या दिलाचा माणूस, पण नावांच्या बाबतीत त्यांचा कायदा कडक होता. नाव गाणाऱ्याचं नसतं, ऑर्केस्ट्राचं असतं. कापडी बॅनर एकदा रंगवून घेतलेला, पोस्टरचा ब्लॉक छापखान्यात तयार पडलेला. गाणारा सोडून गेला म्हणून ते बदलत बसणार कोण? नवा माणूस आणायचा आणि त्याला जुनं नाव चढवायचं. बाई गायली की ती मिस चंद्रिका. पुरुष गायला की तो प्रेमकिशोर. मला त्यांनी कुमारी निशा केलं. दिवसा उषा, रात्री निशा. दोन मुलं झाली तरी मी स्टेजवर कुमारीच होते, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं.

अंबाजी तिसरा प्रेमकिशोर. उदगीरकडचं शेतकऱ्याचं घर. गौलीगुड्यात भांड्यांच्या दुकानात नोकरीला लागला, लक्ष्मणरावांनी त्याला दुकानात गुणगुणताना ऐकलं आणि उचलून आणलं. नावाबरोबर त्याला कोटही मिळाला. मोतिया रंगाचा, चकचकीत कॉलरचा. कार्यक्रम संपला की तो उतरवून, घडी घालून लक्ष्मणरावांच्या हातात द्यायचा, मग जेवायला बसायचं. कोट वर्षातून एकदा, दिवाळीला, धुवायला जायचा. त्याच्या कॉलरमध्ये आधीच्या दोन प्रेमकिशोरांचं खोबरेल मुरलेलं होतं, काखेत त्यांचा घाम. लांबून झकास दिसे. जवळून उलटी यावी असा वास. मी विंगेत शेजारी उभी असायची, म्हणून मला माहीत आहे. तो कोट चढवताना अंबाजी श्वास धरायचा, बटणं लावून होईपर्यंत सोडायचा नाही. मग मी माईकवर जाऊन म्हणायची, "आणि आता, आपल्या सर्वांचा लाडका, प्रेमकिशोर!" तो हसत बाहेर यायचा. गाणं संपलं की कपाळाला हात लावून म्हणायचं, "प्रेमकिशोरचा सलाम घ्या!" हाही लक्ष्मणरावांचा कायदा.

लोकांच्या लक्षात यायचं. कुणी विचारायचं, "काय लक्ष्मणराव, प्रेमकिशोरचा आवाज बदलला काय?"

"सर्दी झालीय त्याला."

"आणि उंची?"

"बूट नवे घेतलेत."

दुसरा प्रेमकिशोर भांडून गेला होता. कोट ठेवून गेला, नाव मात्र घेऊन गेला आणि दुसऱ्या ऑर्केस्ट्रात गायला लागला. एका गणपतीत तो गौलीगुड्याच्या मांडवात आणि आमचा अंबरपेठेत, दोन्हीकडे बॅनरवर 'खरा प्रेमकिशोर'. एक शौकीन थोडी पिऊन रिक्षानं दोन्हीकडे फिरून आला आणि आमच्या स्टेजसमोर उभा राहून ओरडला, "अरे मियाँ, दोनों नक्कली है! असली तो वो पैला था, वो मर गया!" आम्ही पोट धरधरून हसलो. अंबाजीही हसला. तेव्हा आम्हाला सगळ्याचंच हसू यायचं.

एकदाच हसू आलं नाही.

अंबाजीचे वडील, एकनाथराव, गावाहून मुलाचं गाणं ऐकायला आले. डोळ्यांत मोतीबिंदू. मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन पहिल्या रांगेत ताठ बसले. अंबाजी त्या संध्याकाळी जीव तोडून गायला. कार्यक्रम संपल्यावर ते चाचपडत स्टेजमागे आले आणि मलाच म्हणाले, "बाई, तुमी समद्यांची नावं घेतली. आमच्या अंबाचं काहून घेतलं न्हाई? पोराला गाऊ दिलं न्हाई का?"

अंबाजी शेजारी कोटाची घडी घालत होता. म्हणाला, "बाबा, तो प्रेमकिशोर म्हंजे मीच की."

"आसं व्हय?" एकनाथराव म्हणाले. "आवाज तुझ्यावानी लागला खरा. पन बाईनं दुसऱ्याचं नाव घेतलं. मी म्हनलं, आसंल कोन तरी." मग शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली आणि जाता जाता म्हणाले, "गोड गायलास. पन नाव घ्याया पायजे व्हतं."

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. त्यांनी पुन्हा कधी गाणं ऐकलं नाही.

मग कॅसेटी आल्या, लग्नात डीजे आले, लक्ष्मणराव वारले. त्यांच्या मुलांनी कर्णे विकले. गुलबहारचा बॅनर मी कितीतरी दिवस त्यांच्या दारातल्या स्कूटरवर पांघरलेला पाहिला. कोट कुठं गेला कोण जाणे. अंबाजी भांड्यांच्या दुकानात म्हातारा झाला. संध्याकाळी अंबरपेठेत शेजारच्या देवळात भजनाला बसायचा, तिथं सगळे त्याला अंबाजी म्हणत. पण तिथं माईक नव्हता.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या नातीनं, प्रणितानं, त्याची काही गाणी फोनवर ध्वनिमुद्रित केली. ही पोर बँकेत नोकरीला आहे, आजोबांवर जीव टाकते. गाणी त्याची स्वतःची. एक तर त्याच्या आईच्या जात्यावरच्या चालीत बसवलेलं, ते ऐकून मी रडले. प्रणितानं ती गाण्यांच्या एका अॅपवर चढवली. नाव काय घालू, असं तिनं विचारल्यावर अंबाजी म्हणाला, "नुसतं अंबाजी घाल. मला लोक तसंच हाक मारतेत." मग बराच वेळ तो फोनवरचं आपलं नाव बघत बसला होता. मी समोरच होते. त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड मी त्याच्या कुठल्याच टाळीच्या वेळी पाहिला नव्हता.

वर्षभरात दुसरा अंबाजी आला. खरं नाव सौरभ, मूळ घर पुण्याचं, आईवडील इथंच कोंडापूरला. गिटार घेऊन अर्धं मराठी, अर्धं हिंदी गातो, टोपडं आणि गॉगल घालतो. लाखो पोरं ऐकतात. त्याला काहीतरी गावाकडचं, मातीतलं नाव हवं होतं म्हणे, त्यानं अंबाजी घेतलं. त्या पोराचा मला राग नाही. मीही निशा झाले होते, मी कुठल्या तोंडानं बोलू? सौरभ हे चांगलं नाव त्याला का नकोसं झालं हे त्याचं त्याला ठाऊक. बरं गातो, कधीतरी भेटला तर सांगेन.

पण नाव सारखं म्हणून त्या अॅपनं दोघांची गाणी एकाच पानावर आणून टाकली. पोरं सौरभची गाणी ऐकता ऐकता मध्येच आमच्या अंबाजीच्या हार्मोनियमवर येऊन आपटायला लागली. खाली काय काय लिहायची! 'ये बुड्ढा कौन?' 'भाई, तुझं अकाउंट हॅक झालं का?' 'नकली अंबाजी, पळ.' त्याहून घाणेरडं जे होतं ते मी इथं लिहिणार नाही. पहिल्यांदा अंबाजी हसला, "बगा उषाबाई, पुन्ना दोन प्रेमकिशोर झाले." मग प्रणिताला फोन बंद करायला सांगितला. काही दिवसांनी अॅपवाल्यांचा निरोप आला की या नावाचे एक नामवंत गायक आहेत, तुम्ही तुमचं नाव बदला. शहात्तर वर्षांच्या माणसाला. स्वतःचं नाव.

एवढं कमी होतं म्हणून मंडळाची पोरं जागी झाली.

पोरं म्हणायचं एवढंच, चाळिशीला टेकलेली माणसं. प्रथमेश आणि मंदार. दोघं मोठ्या कंपन्यांत, मुंबई-पुण्याहून इथं आलेले, मंडळाची नवी समिती. पुण्याची दिवाळी पहाट त्यांनी इथं आणली. जामबागेतल्या शाळेच्या मैदानावर पहाटे गाणी, नंतर फराळ. चांगली कल्पना. पण पहाटे उठून तरुण मंडळी येईनात. सौरभला बोलवायचं तर तो परवडेना. मग यांच्यापैकी कुणाच्या तरी लक्षात आलं की त्या अॅपवरचा म्हातारा अंबाजी आपल्याच गावात, अंबरपेठेत राहतो.

ते अंबाजीकडे आले तेव्हा मलाही बोलावलं होतं, निवेदन माझं म्हणून. पोस्टर तेव्हाच छापून झालं होतं. विचारायला नव्हे, सांगायला आले होते.

"काका, कन्सेप्ट ऐका," प्रथमेश म्हणाला. "पोरं अंबाजी अंबाजी ओरडत बसलीयत. लाइट ऑफ. उषाकाकू अनाउन्स करतात. तुम्ही हूडी आणि गॉगल घालून एंट्री घेता. लाइट ऑन. तुम्ही गॉगल काढता. सगळे शॉक! मग एकच लाफ्टर. रील तर असली चालेल ना!"

अंबाजी ऐकत होता. "आन् मग गाऊ का?"

"हो, हो. एक कडवं घ्या ना. मग आपला मेन ग्रुप आहेच."

मी म्हणाले, "म्हणजे म्हाताऱ्याला माकड करून नाचवायचं आणि लोकांना फसवून आणायचं?"

"फसवणूक कशी, काकू?" मंदार बिस्कीट चहात बुडवत शांतपणे म्हणाला. "नाव काकांचंच आहे ना? आम्ही कुठं खोटं लिहिलंय?"

ते तसं खरं होतं. म्हणूनच किळस आली. खोटं बोलणारा माणूस निदान घाबरतो तरी. हे दोघं खऱ्याचा एक तुकडा हातात धरून हसत होते आणि बिस्किटं खात होते.

"काका अनकम्फर्टेबल असतील तर प्लॅन बी आहे," प्रथमेश म्हणाला. "तुमचं जुनं स्टेज नेम काय ते, प्रेमकिशोर? त्या नावानं रेट्रो आयटम करू. जुना कोट-बिट घालून. तेही क्यूट होईल."

अंबाजीचा कप बशीवर वाजला. "न्हाई. ते नगं," तो म्हणाला. "अंबाजीच म्हना. घालतो मी तुमचं ते."

ते गेल्यावर मी त्याच्यावर तुटून पडले. "काही लाज? त्या टिनपाटांच्या हातचं खेळणं होणार तुम्ही?"

"लाज वाटती की, उषाबाई."

"मग?"

"माईकवर माझं नाव येईल," तो म्हणाला. "भरल्या मांडवात. येकदा. बाबा काय म्हनले व्हते, तुमाला याद हाय ना? एवढ्या वर्षांत ते राहिलं बगा. मग हसू देत लोक. तुमी घ्याल ना नाव?"

मी हो म्हणाले.

दिवाळीच्या पहाटे मैदान भरलं. खरोखर भरलं. एरवी ज्यांना आठ वाजता हलवून उठवावं लागतं अशी पोरंपोरी अंधारात येऊन खुर्च्या धरून बसली होती. उटण्याचा वास, चिवड्याचा वास, आणि सगळीकडे फोनचे दिवे. "अंबाजी! अंबाजी!" असा गजर चालला होता. स्टेजमागं अंबाजी स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यात बसला होता. दर आरोळीला तो मान वर करत होता. प्रणिता त्याचा हात धरून होती. ते कुणाला बोलावतायत हे त्याला ठाऊक होतं, आणि तरीही.

मंदारनं प्लास्टिकच्या पिशवीतून काळी हूडी काढली. "काका, फक्त टॅग काढू नका हं, मागे लटकतोय तो आत सारा. उद्या रिटर्न करायचीय."

अंबाजीनं ती हातात घेतली. डोक्यावरून घालताना त्यानं श्वास धरला.

नव्या कोऱ्या कपड्याला कसला वास असणार? प्लास्टिकचा, फार तर. पण त्यानं श्वास धरला, आणि डोकं बाहेर येईपर्यंत, गॉगल डोळ्यांवर चढवेपर्यंत सोडला नाही. गुलबहारचा तो आंबट कोट मला समोर दिसला. निदान त्या कोटाला लक्ष्मणराव भक्तिभावानं ब्रश मारायचे.

प्रथमेशनं माझ्या हातात माईक दिला. "काकू, फुल एनर्जी. 'युअर वेट इज ओव्हर' म्हणा, मग फक्त 'अंबाजी'. बास."

लाइट गेले. आरोळी उठली. मी पुढं झाले आणि माईकवरूनच लाइटवाल्याला लाइट लावायला सांगितलं.

"मुलांनो," मी म्हणाले, "मी उषा. जुनी निवेदिका. तुम्ही फोनवर ज्याला ऐकता तो अंबाजी आज इथं आलेला नाही. येणारही नाही. पोस्टर बघून तुम्ही त्याच्यासाठी आला असाल तर त्यात तुमची चूक नाही. तुम्हाला जायचं असेल तर जा. मी थांबते."

मग खुर्च्या सरकायला लागल्या. कुणी शिट्टी मारली, कुणी "चीटिंग! चीटिंग!" ओरडलं, कुणीतरी चिवड्याची कागदी वाटी स्टेजकडे भिरकावली. "क्या बकवास है यार, पाच बजे उठाया!" प्रथमेश विंगेतून गळ्यावरून बोट फिरवत मला थांबायच्या खुणा करत होता. मी आयुष्यात कधी प्रेक्षकांना जाऊ दिलेलं नाही. विजेचा घोटाळा झाला, पाऊस आला, हाणामारी झाली, तरी मी बोलत राहून माणसं धरून ठेवली आहेत. त्या दिवशी उभी राहून त्यांना जाताना पाहिलं. अर्ध्याहून जास्त मैदान रिकामं झालं. काही पोरं राहिली, बहुतेक फराळासाठी. मागे जुन्या घरांतली मंडळी होती, पोरंबाळं घेऊन आलेल्या बायका होत्या.

मग मी पदर नीट केला आणि जुन्या आवाजात, जितका उरला आहे तितक्यात, म्हणाले, "आणि आता, आपल्यासमोर गाणार आहेत, उदगीरकडच्या एकनाथराव बिरादारांचे चिरंजीव, राहणार अंबरपेठ, अंबाजी एकनाथराव बिरादार!"

बराच वेळ तो आलाच नाही. मला वाटलं, रागावला. मग आला. पांढऱ्या सदऱ्यात, हूडीची चौकोनी घडी हातावर घेऊन, वर गॉगल. विंगेच्या कडेला थांबून ती घडी त्यानं मंदारच्या हातात ठेवली.

"घ्या. टॅग हाय तसाच हाय. परत करायची सवय हाय मला."

तो जात्यावरचं गाणं गायला. चांगलं गायला म्हणू का? मी कौतुकानं आंधळी असले तरी कान शाबूत आहेत. वरचा सूर दोनदा फाटला. मधे एक ओळ विसरला, ती प्रणितानं विंगेतून सांगितली. फराळासाठी थांबलेल्या पोरांपैकी दोघं फोनमध्ये बघत होती. एकानं मात्र फोन खिशात घातला, एवढं मी पाहिलं. मागच्या रांगेत एक म्हातारी बाई सुरात मान डोलवत होती. तिला चाल माहीत असावी. एक कडवं नाही, सगळं गाणं गायला. मेन ग्रुपवाले घड्याळं बघत राहिले.

गाणं संपलं. त्याचा हात सवयीनं कपाळाला गेला. "प्रे..." एवढं माईकवरून सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. हात तिथंच थांबला. समोर कुणीतरी खुदकन हसलं.

"अंबाजीचा सलाम घ्या," तो म्हणाला.

टाळ्या वाजल्या. थोड्या होत्या.

स्टेजमागं प्रथमेश लालबुंद होऊन उभा होता. "काकू, अख्खा क्राउड घालवलात. पुढच्या वर्षीपासून निवेदन आम्ही बघू." मी म्हणाले, "बघ बाबा." त्याच्यावर थुंकायची माझी इच्छाही आता संपली होती. शेजारी मंदार हूडी पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटपट्टी लावत होता. टॅग शाबूत आहे का, हे त्यानं दोनदा पाहिलं.

अंबाजी खुर्चीवर बसून पाणी पीत होता. मी जवळ गेले तर माझ्याकडे बघेना.

"भरल्या मांडवात घ्यायचं व्हतं, उषाबाई," तो म्हणाला. "तुमी पोरांना घालवलं. जरा दम धरला आसता तर समद्यांनी ऐकलं आसतं नाव."

"ते तुमचं नाव ऐकणारच नव्हते, अंबाजी."

"ठावं हाय मला." त्यानं पेला खाली ठेवला. कपाळावरचा घाम सदऱ्याच्या बाहीनं पुसला, स्वतःच्या सदऱ्याच्या. मग म्हणाला, "पन बाबाचं बी घेतलं तुमी."

"घेतलं."

"सांगिटलं नव्हतं तरी."

"सांगितलं नव्हतं."

तो उठला, प्रणिताचा हात धरला, आणि फराळाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.